शिल्लक रक्कम शून्य: अमेरिकेतल्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजची फी नेमकी कोण भरतं?

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "ताई, लेकीला कॉलेज पूर्ण फ्री मिळालं! पत्रात शेवटी शून्य लिहिलंय." ती मूळची नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. ओहायोत नवरा-बायको दोघंही गोदामात काम करतात, घरात सगळ्यांना ग्रीन कार्ड आहे. मुलीला त्यांच्याच पंथाच्या, जेमतेम नऊशे विद्यार्थ्यांच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी उभं आयुष्य लोकांचे जमाखर्च लिहिण्यात घालवलंय. तळाशी शून्य दिसलं की मला आधी शंका येते, आनंद नंतर. म्हटलं, पत्र घेऊन ये, चहा टाकते.

पत्र देखणं होतं. जाड कागद, वर कॉलेजचा शिक्का, मध्ये बायबलमधलं वचन, खाली अध्यक्षांची सही. आकडे गोळाबेरीज करून सांगते. ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, ३४,००० डॉलर, इतर फी १,२००, खोली आणि मेस ११,८००. वर्षाचे एकूण ४७,०००. त्याखाली ठळक अक्षरांत 'तुमचं अर्थसाहाय्य': अध्यक्षांच्या नावाची स्कॉलरशिप १६,०००, मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, मदत १,०००, त्यात कॉलेजने घातलेले आणखी १,०००, पेल ग्रँट ३,४००, राज्याची ग्रँट २,०००, वर्क-स्टडी २,५००, विद्यार्थिनीचं सरकारी कर्ज ५,५००, आणि शेवटी 'पेरेंट प्लस' १५,६००. बेरीज ४७,०००. शिल्लक शून्य.

बेरीज अगदी बरोबर होती. गडबड होती ती कशात काय मिळवलंय त्यात.

पत्र उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन रकाने आखले: फुकटचे, कष्टाचे, परतीचे. पहिल्यात स्कॉलरशिप, मंडळीचे आणि ग्रँटचे मिळून २३,४०० गेले. दुसऱ्यात वर्क-स्टडीचे, म्हणजे आवारातल्या कामाचे, २,५००. तिसऱ्यात मुलीचं सरकारी कर्ज आणि 'पेरेंट प्लस' हे आईबापांच्या नावावरचं कर्ज, मिळून २१,१००. म्हणजे 'पूर्ण फ्री' कॉलेजसाठी या घराला दर वर्षी २३,६०० डॉलर उभे करायचे होते, आणि त्यातले बहुतेक व्याजासकट फेडायचे होते. पुस्तकं, प्रवास, थंडीचा कोट यातलं काहीच त्या ४७,००० मध्ये धरलेलं नव्हतं. मैत्रीण बराच वेळ त्या तिसऱ्या रकान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण हे त्यांनी 'साहाय्य' म्हणून का लिहिलंय?"

बाईंचा प्रश्न रास्त आहे. हा लेख त्याच प्रश्नावर.

छापील किंमत आणि खरी किंमत

सगळ्यात आधी ते १६,००० डॉलर. 'अध्यक्षांची स्कॉलरशिप' म्हटलं की कुणीतरी दानशूर माणसाने ठेव ठेवली आहे आणि तिच्या व्याजातून हुशार मुलीला पैसे मिळताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मोठी ठेव असलेल्या कॉलेजात तसं असतंही. लहान कॉलेजात मात्र या रकमेतला मोठा भाग कुठूनच येत नाही. कॉलेजने ३४,००० हा भाव छापला आणि त्यातले १६,००० सोडून दिले, एवढंच. साड्यांच्या दुकानात आधी किंमत चढवायची आणि मग दारावर 'पन्नास टक्के सूट'चा फलक लावायचा, ही तऱ्हा आपल्याला नवी नाही.

हे काही एखाद्या कॉलेजचं कारस्थान नव्हे. अमेरिकेतल्या खासगी, विनानफा कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील ट्यूशनवर मिळणारी सरासरी सूट अलीकडे ५६ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे छापील फी भरणारा विद्यार्थी शोधावा लागतो. त्या हिशेबाने मैत्रिणीच्या लेकीला मिळालेली ४७ टक्के सूट सरासरीपेक्षाही कमीच होती! तिच्या आईचा तोवर त्या पत्राचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाला होता.

सूट असो की दान, आपल्या खिशातून तेवढेच पैसे वाचतात, मग फरक काय? फरक पुढच्या वर्षी कळतो. स्कॉलरशिपची रक्कम बहुधा चार वर्षं तेवढीच राहते, ट्यूशन राहत नाही. ट्यूशन वर्षाला चार टक्के वाढली तर पहिल्याच वाढीत १,३६० डॉलर अंगावर येतात, आणि चौथ्या वर्षापर्यंत ही वाढ साचत जाते. शिवाय बारीक अक्षरांत गुणांची अट असते. सरासरी ठरलेल्या आकड्याखाली गेली की स्कॉलरशिप गेली. म्हणून पहिला प्रश्न, आणि तो ईमेलवर विचारायचा, म्हणजे उत्तर लेखी राहतं: ही रक्कम चारही वर्षं मिळेल का, आणि कोणत्या अटीवर?

पत्र येण्याच्याही आधी खऱ्या किमतीचा अंदाज काढता येतो. २०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला स्वतःच्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावाच लागतो. उत्पन्न, घरातली माणसं, मुलीचे गुण भरले की साधारण किती पडेल ते दिसतं. काही ठिकाणी तो इतका आत दडवलेला असतो की बाहेरून शोध घेतल्याशिवाय सापडत नाही, पण असतो.

सूट देऊन विद्यार्थी गोळा करायची सवय जुनी आहे. १८५० च्या सुमारास ओहायोतल्याच ओबर्लिन कॉलेजने शंभर डॉलर घेऊन कायमची स्कॉलरशिप विकली होती. एकदा शंभर भरा, पुढे एका वेळी एका विद्यार्थ्याची ट्यूशन कायमची माफ. तेव्हा पैसा पटकन जमला, पण नंतर शिकवणाऱ्यांचा पगार द्यायला फीच येईना.

सरकारचे पैसे, आणि देवाचं शिक्षण

पेल ग्रँट मात्र खरा पैसा आहे. केंद्र सरकारचा, परत न करायचा. त्यासाठी 'फाफ्सा' नावाचा फुकट फॉर्म भरायचा. त्यातून २०२४-२५ पासून 'स्टुडंट एड इंडेक्स' हा एक आकडा निघतो, जो गरिबाच्या बाबतीत उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. आकडा जितका कमी तितकी ग्रँट जास्त. २०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारे 'सल्लागार' भेटतात. त्यांना दारातूनच नमस्कार करावा.

आपल्या मराठी घरांत इथेच एक घोटाळा होतो. ही मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. बाप एच-वन या नोकरीच्या आणि लेक एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर ती पाचव्या वर्षापासून इथल्या शाळेत वाढलेली असली तरी तिला पेलही नाही आणि सरकारी कर्जही नाही. उलट मूल इथे जन्मलेलं असेल तर आईवडिलांचा व्हिसा कुठलाही असो, मूल पात्र. फक्त पेरेंट प्लस कर्ज आईबापांच्या नावावर असतं, म्हणून त्यासाठी त्यांचीही पात्रता बघतात. कॉलेजची स्वतःची सूट या नियमांत अडकत नाही. खासगी कॉलेज ती एच-फोरला देऊ शकतं आणि पुण्याहून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यालाही. एफ-वनवाल्याला मात्र आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळण्याआधी पहिल्या वर्षाचा पैसा कागदोपत्री दाखवावा लागतो, आणि कॉलेज चालू असताना आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. त्या मिळकतीवर फी भरण्याचे बेत कुणी आखू नयेत.

बरेच जण विचारतात, धर्माचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजला सरकारी पैसा चालतो कसा? तिकडे तर धर्म आणि राज्य वेगळं ना? उत्तर असं की केंद्राची ग्रँट विद्यार्थ्याला मिळते, आणि तो ती कुठल्या कॉलेजात न्यायची हे स्वतः ठरवतो. कॉलेजला मान्यता असली की झालं. ईश्वरविज्ञान शिकणाऱ्यालाही पेल मिळते.

राज्यांचं गणित वेगळं. जोशुआ डेव्ही नावाच्या हुशार मुलाला वॉशिंग्टन राज्याची 'प्रॉमिस स्कॉलरशिप' मिळाली होती, पहिल्या वर्षाला १,१२५ डॉलर. तो नॉर्थवेस्ट कॉलेज या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात गेला. कॉलेजला राज्याची काहीच हरकत नव्हती. पण त्याने दोन मुख्य विषय घेतले, व्यवसाय व्यवस्थापन आणि पाळकीय सेवा. दुसऱ्या विषयापाशी गाडी अडली. राज्याची घटना धार्मिक शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करू देत नाही, म्हणून स्कॉलरशिप नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी न्यायालय म्हणालं, राज्याला असं नाकारता येतं. त्याच आवारात, त्याच बाकावर बसून हिशेबशास्त्र शिकणाऱ्याला पैसे मिळणार, पाळक होऊ पाहणाऱ्याला नाही. म्हणून राज्याची ग्रँट पत्रात दिसली की मुलीने निवडलेला विषय तिला चालतो का, हे विचारून घ्यायचं. मैत्रिणीची लेक नर्सिंग करणार होती, तिला अडचण नव्हती.

काही कॉलेजं सरकारी पैसाच घेत नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी कॉलेजने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा पाळत असल्याचं हमीपत्र सरकारला द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, आम्ही कुणाशी भेदभाव करत नाही, पण सरकारच्या कागदावर सही करणार नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विद्यार्थ्यांना सरकारी ग्रँट मिळत असेल तर कॉलेजच्या अर्थसाहाय्य विभागाला कायदा लागू होतो. कॉलेजने मग ग्रँट नाकारली आणि पुढे १९९६ पासून सरकारी कर्जंही. मिशिगनचं हिल्सडेलही त्याच वाटेचं. अशा ठिकाणी पेलचे पैसे घेऊन गेलात तर ते तिथे चालत नाहीत. कॉलेज स्वतःच्या निधीतून तेवढं भरून काढतं का, ते बघायचं. तत्त्व त्यांचं असेल, हप्ते आपले असतात.

मंडळीचा हात

छोट्या ख्रिस्ती कॉलेजात असा एक झरा असतो जो सरकारी विद्यापीठात नसतो. तो म्हणजे चर्च. पत्रातल्या त्या हजार-हजारच्या जोडीमागची रीत अशी: तुमच्या मंडळीने विद्यार्थ्याला ठरावीक रक्कम दिली की कॉलेज तेवढीच स्वतःची घालतं. बहुतेक ठिकाणी रकमेला मर्यादा असते आणि अर्जाला तारीख. तारीख चुकली की कॉलेजचे हजार गेले, मंडळीने दिले असले तरी. मैत्रिणीच्या पाळकसाहेबांना हे माहीत होतं. त्यांनी जानेवारीतच खजिनदारांकडून चेक लिहून घेतला.

पाळकांच्या आणि मिशनऱ्यांच्या मुलांना वेगळी सूट असते. एकाच घरातली दोन मुलं असतील तरी असते. पंथाच्या वरच्या संस्थेचा शिक्षण निधी असतो. हे सगळं पत्रात आपोआप उगवत नाही, मागावं लागतं. आणि देणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट: 'हे अमक्यांच्या मुलीला' असं सांगून दानपेटीत पैसे टाकले तर दात्याला करसवलत मिळत नाही. मंडळीच्या शिक्षण निधीला दिले आणि कुणाला द्यायचे ते समितीने ठरवलं, तर मिळते. आमच्या ओळखीच्या एका घराने हे उलटं केलं आणि कर भरायच्या दिवसांत ते चडफडत बसले होते.

बाहेरून आलेल्या पैशाचा आणखी एक घोळ आहे. रोटरीने किंवा महाराष्ट्र मंडळाने दोन हजार दिले, की काही कॉलेजं आपली स्कॉलरशिप दोन हजारांनी कमी करतात. घराला फायदा शून्य, कॉलेजला दोन हजारांचा. सगळीकडे असं होत नाही. काही ठिकाणी आधी कर्ज कमी करतात, ते बरं. हाही प्रश्न लेखीच विचारायचा.

गरीब मुलाला धर्मशिक्षणासाठी समाजाने पोसायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. वार लावून जेवलेले आणि माधुकरी मागून शिकलेले पूर्वज कितीतरी घरांत निघतील. तिकडे बोस्टनमध्ये १८१५ साली, पाळक होऊ इच्छिणाऱ्या गरीब तरुणांना शिकायला पैसे देणारी अमेरिकन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी गॉर्डन हॉल मुंबईत उतरला होता आणि पुढे जे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं गेलं ते काम सुरू झालं होतं. हा हॉल मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचा पदवीधर, म्हणजे त्या काळच्या अशाच एका लहान, धार्मिक वळणाच्या कॉलेजचा. माझ्या मैत्रिणीचं घराणं नगरकडच्या त्याच मिशनच्या मंडळींतलं. फी भरायच्या चिंतेत तिला हा इतिहास सांगायला गेले तर म्हणाली, "मग त्यांना सांगा ना, आता आमचं बघा म्हणून."

घामाचे पैसे

पत्रातली वर्क-स्टडी म्हणजे २,५०० डॉलर हातात नव्हेत. ती नुसती परवानगी आहे: आवारात काम मिळालं, ते केलं, तर तासाच्या हिशेबाने वर्षभरात एवढे मिळवता येतील. ऑगस्टमध्ये बिल भरायच्या वेळी त्यातला एक डॉलरही आलेला नसतो. म्हणून मी तो रकाना वेगळा ठेवते.

पण घामाचा रस्ता शेवटपर्यंत नेलेली कॉलेजंही आहेत, आणि ती मला फार आवडतात. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८५५ साली गुलामीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी सुरू केलं. काळे-गोरे, मुलगे-मुली एकत्र. १८९२ पासून तिथल्या एकाही विद्यार्थ्याने ट्यूशन भरलेली नाही. विद्यार्थी सुमारे दीड हजार, प्रवेश हुशार पण कमी उत्पन्नाच्या घरातल्यांनाच, आणि प्रत्येकाने आठवड्याला किमान दहा तास काम करायचं. स्वयंपाकघर, ग्रंथालय, कॉलेजचं हॉटेल, सुतारकाम, विणकाम. तिथे केरसुण्या बांधायची कार्यशाळाही आहे, गेली शंभर वर्षं. ज्वारीच्याच कुळातल्या एका धाटाचे तुरे दांड्याभोवती दोऱ्याने आवळत विद्यार्थी केरसुणी बांधतात, आणि ती विकली जाते.

अर्थात केरसुण्या विकून कॉलेज चालत नाही. बेरियाची ट्यूशन भरते ती ठेव. विश्वस्तांनी १९२० मध्ये ठरवलं की मृत्युपत्रातून आलेला, विशिष्ट कामासाठी न बांधलेला प्रत्येक पैसा खर्च न करता ठेवीत टाकायचा. शंभर वर्षं हा नियम पाळला आणि ती ठेव आज एक अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणून तिथली 'स्कॉलरशिप' खरी आहे. पत्रातल्या १६,००० मध्ये आणि बेरियाच्या मोफत ट्यूशनमध्ये फरक आहे तो हाच. खोली-जेवणाचा खर्च तिथेही असतो, पण तोही ऐपतीप्रमाणे कमी होतो. दर वर्षी थोडे परदेशी विद्यार्थीही घेतात. जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून, तेव्हा आशा बेताची ठेवावी.

दुसरं मिसूरीतलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स. १९०६ साली एका प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने डोंगराळ भागातल्या गरीब मुलांसाठी सुरू केलं. आठवड्याला १५ तास, शिवाय पूर्ण ४० तासांचे दोन आठवडे काम, आणि त्यावर ट्यूशन माफ. विद्यार्थ्यांनी भाजलेले फ्रूटकेक प्रसिद्ध आहेत. 'हार्ड वर्क यू' हे टोपणनाव १९७३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दिलं आणि ते चिकटलं. बहुतेक जागा त्या भागातल्या मुलांना जातात.

परतीचे पैसे

आता तिसरा रकाना. विद्यार्थिनीच्या नावावरचं सरकारी कर्ज त्यातल्या त्यात सौम्य. आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५०० अशी मर्यादा, म्हणजे चार वर्षांत २७,०००. पहिल्या ५,५०० पैकी गरजूला ३,५०० असे मिळू शकतात की शिकत असेपर्यंत व्याज सरकार सोसतं. २०२५-२६ चा व्याजदर ६.३९ टक्के.

पेरेंट प्लस मात्र दुसरंच प्रकरण. ते आईबापांचं कर्ज, दर त्याच वर्षी ८.९४ टक्के, आणि वर ४.२२८ टक्के शुल्क आधीच कापून घेतात. १५,६०० मागितले तर सुमारे ६६० कापले जाऊन १४,९४० कॉलेजात पोचतात, आणि व्याज मात्र पूर्ण १५,६०० वर लागतं, वर्षाला १,४०० च्या आसपास. पत्रात ते लिहिलं होतं तेव्हा मैत्रिणीने अर्जसुद्धा केलेला नव्हता. कॉलेजने उरलेला खड्डा मोजला, त्यावर ही फळी टाकली आणि शिल्लक शून्य दाखवली. कायद्याने यात काही गैर नसेल. मला तरी हे बरं वाटत नाही.

पूर्वी या कर्जाला खर्चाइतकी मोकळीक होती. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी हद्द घातली. आमच्या पत्राच्या हिशेबाने चार वर्षांचे ६२,४०० होत होते. हद्दीच्या आत, पण भिंतीला टेकून.

पाळकाचा किंवा मिशन शाळेतल्या शिक्षकाचा पगार बेताचा असतो, त्याने कर्ज फेडायचं कसं? एक दिलासा आहे. विनानफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी आणि उत्पन्नानुसार ठरलेले १२० हप्ते भरले की विद्यार्थ्याचं उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची योजना आहे, आणि २०२१ पासून चर्चमधलं धार्मिक कामही तिच्यात धरतात. खासगी बँकेच्या कर्जाला ती लागू नाही.

कॉलेज चार वर्षं टिकेल का?

हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारायचं. आयोवा वेस्लियन विद्यापीठ १८४२ साली सुरू झालं आणि २०२३ मध्ये बंद पडलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज १८५६ चं, २०२४ च्या मे अखेरीस बंद झालं. दोन्ही मेथडिस्ट परंपरेतली. शिकत असताना कॉलेज बंद पडलं तर सरकारी कर्ज माफ होऊ शकतं, पण गेलेली वर्षं आणि दुसरीकडे न स्वीकारलेले क्रेडिट्स कोण भरून देणार? शिक्षण खातं खासगी कॉलेजांच्या आर्थिक तब्येतीचे गुण जाहीर करतं, उणे १ ते ३ च्या पट्टीवर. दीडच्या खाली दिसलं की कान टवकारावेत.

आणि मान्यता. काही राज्यांत धार्मिक कॉलेजांना परवान्यातून सूट आहे, त्यामुळे मान्यता नसतानाही पदवी देणारी ठिकाणं असतात. तिथे फी फार कमी दिसते, मग माणूस भुलतो. पण मान्यता नसेल तर पेल नाही, सरकारी कर्ज नाही, आणि नर्सिंगच्या परवान्याला ती पदवी उपयोगी पडेलच असं नाही. मान्यता देणारी संस्था शिक्षण खात्याने ओळखलेली आहे का, हे खात्याच्याच यादीत बघून घ्यायचं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबायचं नाही.

त्या रविवारनंतर दोन दिवसांनी आम्ही अर्थसाहाय्य कार्यालयाला फोन केला. छोट्या कॉलेजचं एक बरं असतं, दुसऱ्या रिंगला माणूस फोन उचलतो, आणि तोच माणूस निर्णय घेतो. मैत्रिणीच्या नवऱ्याचा ओव्हरटाइम वर्षभरापासून बंद होता, आणि फाफ्सात मात्र दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न होतं. असं काही बदललं असेल तर कागद दाखवून फेरविचार मागता येतो. त्यांनी पगाराच्या पावत्या मागवल्या. तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं. पेल थोडी वाढली, कॉलेजने दीड हजार घातले. परतीचा रकाना खाली आला, पण १७,००० च्या आत काही येईना. नवऱ्याने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "प्लसवर मी सही करणार नाही."

मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच कॉलेजला विचारलं, पहिली दोन वर्षं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या सरकारी कॉलेजात, केली तर कोणते विषय घेऊ म्हणजे तुम्ही सगळे क्रेडिट्स धराल? त्यांनी विषयांची यादी ईमेलवर पाठवली, आणि बदली होऊन येणाऱ्यांची स्कॉलरशिप कमी असते हेही प्रामाणिकपणे लिहिलं. सध्या ती घरून बसने जाते, पेलमध्ये तिथली फी भागते. मंडळीचा तो हजाराचा चेक पाळकसाहेबांनी परत घेतला नाही. खजिनदारांनी नवा लिहून द्यायचं कबूल केलंय, दोन वर्षांनी, जानेवारीत, तारीख चुकायच्या आत.